निरंक नळी

नाव : आकाराम दत्तू टिपुगडे. राहणार कळंबा, तालुका करवीर. वय दाखल्याप्रमाणे चव्वेचाळीस, आईच्या सांगण्याप्रमाणे शेहेचाळीस. उंची पाच फूट चार इंच, बांधा मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर ॲसिडने भाजल्याचा पांढरा डाग. शिक्षण दहावी, दुसऱ्या खेपेस. हुद्दा : दूध परीक्षक, वाघजाई सहकारी दूध संस्था; नेमणूक हंगामी, हंगाम अठरा वर्षे चालू. स्वभाव तापट, परंतु कामापुरता. व्यसन नाही, चहा धरल्यास आहे. सदर इसम हरवलेला नसून त्याच्यावर कोणताही गुन्हा नोंद नाही.

दूध घालायला येणाऱ्या बायका या शेवटच्या वाक्याशी सहमत होतील असं नाही.

सकाळी साडेपाचला संस्थेचं शटर वर गेलं की आकाराम टेबलामागे उभा राहायचा. आधी वास. मग लॅक्टोमीटर, म्हणजे खाली शिसं भरलेली आणि वरच्या दांडीवर आकडे लिहिलेली काचेची नळी. चांगल्या दुधात ती मान वर काढून तरंगते, पाणी घातलेल्या दुधात बुडत जाते आणि आकडा अठ्ठाविसाच्या खाली येतो. कुठे दूध शिळं असल्याचा संशय आलाच, तर थोडं दूध परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. फाटलं की कॅन परत. आकडा तो वहीत लिहायच्या आधी मोठ्यानं वाचायचा.

"धोंडुबाई, डिग्री बावीस. म्हस आज दुधातच डुंबली काय?"

रांग हसायची. धोंडुबाई वळिवडे, वय पासष्ट, म्हशी तीन, दरवेळी तेच सांगायच्या, "पाऊस लागलाय रं गोठ्यावर." हे त्या उन्हाळ्यातही सांगायच्या.

२००३ सालच्या गणपतीत आकारामची नऊ वर्षांची मुलगी अनुजा सकाळी उठली ती डोळे सुजूनच. तिची आई शालन म्हणाली, आरतीला जागरण झालं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डास चावला. तिसऱ्या दिवशी अनुजानं शाळेतून येऊन मोजे काढले, तर इलॅस्टिकची खूण पायात रुतून बसली होती. शालननं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि भरलाच नाही. 

गावातल्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन शहरात पाठवलं, डॉक्टर पृथ्वीराज इंगवल्यांकडे. इंगवले मुलांच्या किडनीचे डॉक्टर. शिवाजी पेठेत वाढलेले. मेडिकलला जाईपर्यंत पेठेच्या फुटबॉल संघातून बॅकला खेळलेले. गुडघा गेला म्हणून डॉक्टर झाले, असं पेठ सांगते. त्यांनी अनुजाची लघवी परीक्षानळीत घेतली, दिव्यावर धरली आणि वरचा भाग उकळला. आकारामच्या डोळ्यांदेखत नळीत पांढरे ढग आले आणि घट्ट होत गेले. डॉक्टरांनी ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब टाकले. ढग गेले नाहीत.

अठरा वर्षं आकाराम हेच करत आला होता. त्या नळीच्या पुढं काय म्हणायचं, हे त्याला पाठ होतं : परत. टेबलाच्या या बाजूला उभं राहून ते कसं ऐकायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"हे प्रोटीन," डॉक्टर म्हणाले. "अल्ब्युमिन. अंड्यातलं पांढरं असतं तसं समजा. रक्तातच राहायला पाहिजे. ते लघवीत गळतंय, म्हणून पाणी रक्तात टिकत नाही आणि अंगात साठतं."

"गाळणं फाटलं म्हणा की."

"फाटलं असतं तर सोपं होतं," असं म्हणून डॉक्टरांनी जाडजूड पुस्तक उघडून एक फोटो दाखवला. केसाएवढ्या रक्तवाहिनीला एक पेशी मिठी मारून बसली होती. तिला पायच पाय, आणि शेजारच्या पेशीचे पाय तिच्या पायांत गुंतलेले, दोन हातांची बोटं गुंतवावी तसे. "या पायांच्या मधल्या फटीतून पाणी जातं, प्रोटीन अडतं. फटीत एक पातळ पडदा असतो. आत्ता पाचेक वर्षांमागं त्यातलं मुख्य प्रोटीन सापडलं. नेफ्रिन. आधी सगळ्यांना वाटलं, ही जाळी. आता कळायला लागलंय की ती नुसती जाळी नव्हे, ती बोलते."

"कोण बोलतंय?"

"फुटबॉल बघता?"

कळंब्याच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो; तो बघतोच.

"फ्री किकला भिंत उभी राहते. भिंतीतले गडी गप्प असतात काय?"

"कुटलं! आरडत असत्यात. सोडू नगंस, चिकटून ऱ्हा, सरकू नगंस."

"आणि आरडणं थांबलं की?"

"फट पडती."

"तेच. नेफ्रिनचं एक टोक फटीत शेजाऱ्याला धरून असतं, दुसरं पेशीच्या आत. आतल्या टोकावरून सारखा निरोप जातो : शेजारी जागेवर आहे, पाय उभे ठेव, आतला सांगाडा आवळून धर. तो निरोप आहे तोवर पाय उभे. निरोप बिघडला की पाय पसरतात, चपटे होतात. पेशी मरत नाही, तुटत नाही, नुसती पकड सोडते. साध्या सूक्ष्मदर्शकात तर काही दिसतच नाही, म्हणून या आजाराला मिनिमल चेंज म्हणतात. अत्यल्प बदल."

अत्यल्प बदलामुळे टिपुगड्यांच्या घरातलं मीठ त्याच दिवशी डब्यासकट माळ्यावर गेलं.

"निरोप कशानं बिघडतोय?" आकारामनं विचारलं.

"प्रतिकारशक्तीतलं काहीतरी रक्तातून येऊन बिघडवतं, एवढा अंदाज आहे. नक्की काय, ते जगात कुणालाच माहीत नाही. स्टेरॉइडनं बहुतेक मुलांची भिंत परत उभी राहते. पण सर्दीपडशाचं निमित्त होऊन पुन्हा कोसळूही शकते. म्हणून रोज सकाळी घरी तपासायचं आणि वहीत लिहायचं. जमेल?"

आकाराम फक्त हसला. ते हसू डॉक्टरांना कळलं नाही.

संस्थेत दूध गाळायचं फडकं असतं. ते धुवून दोरीवर टाकलं की उद्यापर्यंत त्याची काळजी नसते. आता त्याला कळलं होतं, की पोरीच्या पोटात असं गाळणं आहे ज्याला क्षणाक्षणाला सांगावं लागतं की तू गाळणं आहेस. आणि सांगणारा कधी गप्प बसेल याचा नेम नाही. आपण सायकलवरून जाताना, ती गणितं सोडवताना, कुठल्याही मिनिटाला तो गप्प बसू शकतो आणि बाहेर आवाज येणार नाही. या भीतीवर आकारामला एकच उपाय सुचला. तो दिवसातून चारपाच वेळा दारातून ओरडायचा, "अनु, बरं हाय न्हवं?" आतून उत्तर यायचं, "हाय की!" उत्तराला उशीर झाला की तो चप्पल न काढताच आत जायचा.

स्टेरॉइड लागू पडलं. दहाव्या दिवशी नळी साफ. वहीत त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं : निरंक. डॉक्टरांकडे येणाऱ्या इतर पालकांच्या वह्यांत 'नाही', 'साफ', 'ओके' असं काहीबाही असायचं. सरकारी कागदाला शोभेल असा शब्द एकट्या आकारामचा.

मात्र गोळ्यांनी अनुजाचं तोंड गोल झालं. हनुवटी गेली, गाल आले. वर्गात तिला भोपळा म्हणायला लागले. जानेवारीतल्या गॅदरिंगला बाईंनी तिला नाटकात चांदोबा केलं. रंग लावायचीही गरज नाही, असं बाई म्हणाल्या. बाईंचा हेतू चांगला होता.

फेब्रुवारीत सर्दी झाली आणि नळीत ढग आले. पुन्हा गोळ्या. नवव्या दिवशी निरंक. जुलैत पुन्हा ढग, पुन्हा गोळ्या, पुन्हा भोपळा. डॉक्टर म्हणाले, अजून औषधाचं ऐकतंय, ही चांगली गोष्ट आहे. आकारामनं घाबरत विचारलं, ऐकायचं बंद झालं तर? डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "चार आठवडे पूर्ण औषध देऊनही नळी साफ झाली नाही, तर सुईनं किडनीचा कण काढून तपासावा लागतो. मग तो आजार वेगळा. त्यातल्या काही मुलांच्या किडन्या काही वर्षांत जातात." पुढं डायलिसिसचं मशीन असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. आकाराम जाताना मशीनच्या खोलीवरूनच गेला.

डिसेंबर २००४. अनुजाच्या गोळ्या कमी होत होत बंद झालेल्या, हनुवटी परत आलेली. या वर्षी तिला लेझमीच्या पहिल्या रांगेत घेतलं होतं. आणखी एक सुधारणा झाली. सकाळची पहिली लघवी वाटीत धरून झाकून ठेवायचं काम आतापर्यंत शालन करायची. आकाराम संस्थेतून नऊला आला की तपासायचा. जानेवारी लागल्यावर एके दिवशी अनुजा म्हणाली, "मम्मी, मी धरतो की. मी काय बारकी हाय?" पोरीला समज आली, याचं आईबापाला कौतुक वाटलं. आकारामनं ते इंगवल्यांनाही फोन करून सांगितलं.

रोज निरंक. नळी अशी स्वच्छ की दिव्याची ज्योत आरपार दिसावी.

आठव्या दिवशी शालन म्हणाली, "अवो, पोरीच्या सँडलचा पट्टा लागंना झालाय."

"पाय वाढत्यात ह्या वयात."

"डोळं बी जड दिसत्यात."

"नळी निरंक हाय, शालन. डोळ्यांवर जाऊ नगंस. डोळा फसतोय, नळी फसत न्हाई."

दहाव्या दिवशी तिनं पुन्हा तोंड उघडलं. आकारामनं वही तिच्यासमोर धरली. दहा ओळी, दहा निरंक. शालनला वाचता येत होतं. ती अनुजा समोर असतानाही तिच्याकडं न बघता भाकरी थापत राहिली.

अकराव्या दिवशी सकाळी सातला अनुजा संस्थेत बापाचा चहा घेऊन आली आणि किटली ठेवून निघून गेली. रांगेत धोंडुबाई होत्या. त्यांची डिग्री चोवीस लागली होती आणि आकारामनं नुकतंच म्हशीच्या आंघोळीविषयी विचारून झालं होतं.

"पोर सुजलीय की रं आकाराम."

"न्हाई सुजली. रोज तपासतोय. निरंक हाय."

"मला डोळं हायत."

"म्हातारे, धा दिवस झालं, पयल्या नंबरची नळी लागतीया."

धोंडुबाईंनी कॅनच्या कडीवरचा हात काढला नाही. "वाटी कोण देतंय तुला?"

"तीच देती. शानी झाली आता."

"दुसऱ्याला हात लावू देती?"

आकारामनं हातातला लॅक्टोमीटर टेबलावर ठेवला.

"मी चाळीस वर्सं दूध घालतोय," धोंडुबाई म्हणाल्या, आणि आवाज खाली आणला, कारण मागं रांग होती. "ज्या दिवशी पाणी घातलेलं असतंय न्हवं, त्या दिवशी कॅन मी सुनंच्या हातात देत न्हाई. सोता आणतोय, सोता वततोय. तू अठरा वर्सं नुसता दांडीवरचा आकडा बघतोस, बाबा. हाताकडं बघत न्हाईस."

हा धोंडुबाईंचा संस्थेपुढचा पहिला आणि शेवटचा कबुलीजबाब. त्याची नोंद कुठंही नाही, कारण परीक्षकानं त्या दिवशी पुढचे सात कॅन न तपासता ओतून घेतले.

तो नऊची वाट न बघता घरी आला. पिशवीत संस्थेचा जुना लॅक्टोमीटर आणि उभा काचेचा जार होता. अनुजानं वाटी आणली, दोन्ही हातांनी. त्यानं हात पुढं केला. तिनं वाटी सोडली नाही. "मी वततो नळीत," ती म्हणाली. त्यानं वाटी हळूच ओढून घेतली, जारमध्ये ओतली आणि लॅक्टोमीटर सोडला.

तो थेट गळ्यापर्यंत बुडाला. म्हशीचं, गाईचं, धोंडुबाईंचं, कुठलंही दूध असो, इतका खोल तो आजवर गेला नव्हता. शून्याच्या रेघेशी जाऊन तो डुलत राहिला.

या जागी आकाराम ओरडायचा, आणि अर्धं गाव ऐकायचं. आता त्याला आवाज फुटला तो कुजबुजण्याइतकाच.

"अनु, किती दिवस?"

"परवा गॅदरिंग हाय, आण्णा."

"किती दिवस, इचारलं मी."

"आजचा धरून अकरा." ती जारकडंच बघत होती. "वाटीत फेस दिसला, म्हणून पयल्या दिवशी मी पाण्याच्या नळाखाली थोडंसंच धरलं. ढग आलं असतं तर तुमी गोळ्या चालू केल्या असत्या. मला ते तोंड नगं हुतं. गॅदरिंग झाल्यावर मी सांगणार हुतो, खरंच."

"मी सांगत हुतो तुमास्नी," शालन चुलीपासून म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काहीही नव्हतं.

त्यानं पोरीला पुन्हा बाथरूममध्ये पाठवलं, या वेळी शालनसह. जे आलं ते चमचाभर होतं, फेसाळ. दिव्यावर धरताच ते खरवसासारखं थिजलं. त्यानं नळी उलटी केली. एक थेंब सांडला नाही.

दुपारपर्यंत अनुजाला ताप भरला आणि पोट इतकं दुखायला लागलं की हात लावू देईना. लूनावर मागं शालन, मधे पोरगी, असे ते शहरात पोचले. इंगवल्यांनी पोटावर दोन बोटं टेकवली आणि लगेच नर्सला हाक मारली. पोटात पाणी साठलं होतं आणि त्या पाण्यात जंतू गेले होते. जंतूंशी लढणारी प्रोटीनंही अल्ब्युमिनबरोबर अकरा दिवस वाहून गेली होती.

डॉक्टरांनी वही मागितली. शेवटचं पान बघितलं. आकारामनं सगळं सांगितलं, लॅक्टोमीटरसकट. डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं नाही, वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "आजपासून चार आठवडे मोजायचे."

पहिले पाच दिवस जंतूंचे होते. सलाईन, इंजेक्शनं, हातावर निळे डाग. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं. तो कुठं गेला, असं अनुजानं विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, घरी. आकारामनं नर्सकडं बघितलं नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. नळीत ढग तसेच.

मागं एकदा नवव्या दिवशी निरंक झालं होतं. नववा गेला. दहावा गेला. बाराव्या दिवशी घरी सोडलं, गोळ्या चालू ठेवून. गॅदरिंग होऊन गेलं होतं. पहिल्या रांगेत दुसरी मुलगी घेतली होती. पंधरावा. सोळावा. आकाराम संस्थेत जायचा, आकडे वाचायचा, पण मोठ्यानं नाही. रांगेतल्या बायकांना ते जास्त भीतीदायक वाटायचं. धोंडुबाईंचं दूध एकोणतीस डिग्रीनं येऊ लागलं होतं. 

दारातून "बरं हाय न्हवं?" असं ओरडणं त्यानं बंद केलं होतं. उत्तर काय येईल ते त्याला माहीत होतं. अकरा दिवस तेच येत होतं.

विसाव्या दिवशी ढग. एकविसाव्या दिवशी ढग, किंचित पातळ, किंवा आकारामला तसे वाटले. त्यानं शालनला विचारलं. ती म्हणाली, तेवढंच हाय. बावीस. तेवीस. इंगवल्यांनी फोनवर सुई टोचण्याची तारीख देऊन ठेवली, एकोणतिसाव्या दिवसाची.

चोविसाव्या दिवशी नळी उकळली आणि काही झालं नाही.

आकारामनं ॲसिड टाकलं. काही नाही. दुसरी नळी घेतली. काही नाही. त्यानं उरलेलं जारमध्ये ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. तो आत गेला, डुलला आणि मान वर काढून उभा राहिला.

"तू हुतीस संगं?" त्यानं शालनला विचारलं.

"व्हय."

"दार लावलेलं?"

"मी आतच हुतो."

"नळ चालू हुता?"

"न्हवता, अवो."

अनुजा उंबऱ्यात उभी होती. गाल पुन्हा आलेले, हनुवटी पुन्हा गेलेली. "आण्णा," ती म्हणाली, "मी न्हाई घातलं."

त्यानं मान हलवली. वहीत मात्र काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सलग तीन दिवस साफ असल्याशिवाय खरं धरायचं नाही, असा डॉक्टरांचा नियम होता. एवढ्या सगळ्यात तो नियमच काय तो भरवशाचा उरला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं. अक्षर वळणदार आलं नाही.

इंगवल्यांनी सुईची तारीख खोडली. "भिंत उभी राहिली," ते म्हणाले.

"किती दिवस ऱ्हाईल?"

"ते तिलाच विचारावं लागेल. आणि ती आपल्याशी बोलत नाही, आकाराम. आपापसात बोलते."

ती सात महिने तरी उभी आहे, इतकं पुढच्या वहीवरून दिसतं. वाटी शालन धरते.

सप्टेंबर २००५ मध्ये वाघजाई संस्थेची वार्षिक सभा झाली. अध्यक्षांनी परीक्षक श्री. आकाराम दत्तू टिपुगडे यांना नारळ, टॉवेल आणि प्रशस्तिपत्र दिलं. पत्रातला मजकूर सचिवांनी माइकवर वाचून दाखवला : "अहवाल वर्षात परीक्षकांच्या दक्ष नजरेतून पाणीमिश्रित एकही नमुना सुटलेला नाही, याची संस्था अभिमानाने नोंद घेत आहे."

दहा सुटले होते.